ओव्हनशिवाय चॉकलेट केक: तळ करपतो, मधे कच्चा राहतो. नेमकं कुठे चुकतं?

शेगडीवाली:
नमस्कार मंडळी. कुकरमधल्या बिनअंड्याच्या चॉकलेट केकच्या पाककृती शोधल्या तर ढिगाने सापडतात, पण आच, वेळ आणि डब्याचं माप यांवर दोघांचं एकमत नाही. कुणी २५ मिनिटं सांगतं, कुणी ५५. कुणी मीठ घाला म्हणतं, कुणी वाळू, कुणी पाणी.

माझं प्रमाण असं: मैदा दीड वाटी, साखर १ वाटी, कोको ३ चमचे, खायचा सोडा १ चमचा, तेल पाव वाटी, पाणी १ वाटी, व्हिनेगर १ चमचा. डबा ७ इंची ॲल्युमिनियमचा, कुकर ५ लिटरचा. तळाशी मीठ, मिठावर थेट डबा, शिट्टी आणि रबर काढलेलं, मध्यम आच, ३० मिनिटं. निकाल: तळाला अर्धा सेंटिमीटर करपट थर, वर मोठा तडा, मधोमध ओला गोळा आणि थंड झाल्यावर तिथेच खड्डा. शिवाय चव किंचित साबणासारखी.

जाणकारांनी सांगावं: प्रमाण चुकलं की आच?

निखारा:
दोन्ही. पण आधी आच. तळ करपलाय, वर तडा गेलाय आणि आत कच्चं आहे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आच जास्त होती असंच समजायचं. बाहेरचा भाग लवकर घट्ट झाला, आतलं पीठ नंतर फुगलं आणि वाट मिळाली नाही म्हणून वरची साल फोडून आलं. मिठावर थेट डबा ठेवलात तिथे तळाचं काम बिघडलं. डबा आणि मीठ यांच्यात दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी हवा हवीच. ढोकळ्याचं स्टँड, लोखंडी तिवई, नाहीतर उलटी घातलेली स्टीलची खोलगट वाटी, काहीही चालेल.

मोजमाप:
प्रमाणाबद्दल मी लिहितो. शेगडीताई, तुमच्या यादीतली वाटी आणि चमचा हेच पहिलं संकट. आमटीची वाटी १५० मिलिलिटरची असू शकते, २०० ची असू शकते. 'चमचा' तर पोह्यांचा, चहाचा, वाढायचा, काहीही. पाककृतींमधला टीस्पून म्हणजे सपाट ५ मिलिलिटर. घरातला पोह्यांचा चमचा शिगोशीग भरला तर त्यात सहज दुप्पट सोडा मावतो. साबणाची चव तिथून आली.

मैद्याचंही तसंच. २४० मिलिलिटरच्या कपात चमच्याने हलका भरला तर १२० ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १४५-१५० ग्रॅम. म्हणून केकपुरतं तरी वजनकाट्यावर या.

६ इंची, ३ इंच उंच डब्यासाठी:

मैदा १२५ ग्रॅम
कोको पावडर, बिनसाखरेची, २५ ग्रॅम
साखर, बारीक दळलेली, १४० ग्रॅम
खायचा सोडा अर्धा टीस्पून, सपाट
बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, सपाट
मीठ दोन चिमटी
वास नसलेलं तेल ६० मिलिलिटर
गरम पाणी १८० मिलिलिटर
व्हिनेगर किंवा लिंबाचा रस २ टीस्पून
व्हॅनिला १ टीस्पून
इन्स्टंट कॉफी अर्धा टीस्पून (चव कॉफीची येत नाही, कोकोची उठते)

सगळं मिळून साधारण ५४० ग्रॅम मिश्रण होतं आणि डबा अर्ध्याच्या आतच भरतो. फुगायला तेवढी जागा लागते.

गूळपोळी:
माझ्याकडे ७ इंची डबा आहे. सगळं सव्वापट करू?

मोजमाप:
सव्वापटीपेक्षा थोडं जास्त. डब्याचा व्यास वाढला की क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. ६ चा वर्ग ३६, ७ चा ४९. म्हणजे १.३६ पट. मैदा १७०, कोको ३५, साखर १९०, तेल ८० मिलिलिटर, पाणी २४५. ५ इंचीसाठी ०.७ पट. ८ इंची कढईत करूच नका असं माझं मत आहे. कडा कोरड्या पडेपर्यंत मध्य शिजत नाही.

रवाळ:
८ इंची जमतो, पण मधे नळी असलेला साचा घ्यावा लागतो. नळीतून गरम हवा वर चढते आणि मध्यालाही बाजू मिळते. हीच युक्ती इस्राएलमध्ये गॅसवरच्या एका भांड्यात वापरली आहे. तिथल्या टंचाईच्या काळात, १९५० च्या दशकात, घरोघर ओव्हन नव्हते. तेव्हा ॲल्युमिनियमचं, मधे नळी असलेलं गोल भांडं, त्याखाली ज्योतीवर ठेवायची धातूची चकती आणि वर भोकं असलेलं झाकण, असा संच चालायचा. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) मंडळींना हे भांडं माहीत असणार. आता मुद्दा बघा: ज्योत थेट लागू नये म्हणून चकती, मध्यासाठी नळी, वाफेसाठी भोकं. कढईतल्या केकचे तिन्ही प्रश्न एकाच भांड्यात सोडवलेत.

पाटावरवंटा:
शिट्ट्या किती करायच्या?

निखारा:
एकही नाही. शिट्टी काढूनच ठेवायची, रबरही काढायचं. वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब सुटताना हा केक आतून फाटतो. घड्याळ लावा.

जुनीभांडी:
मी कुकरच्याच विरोधात आहे, आणि कारणं देतो. कुकरसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत पाण्याशिवाय कुकर तापवू नका असं लिहिलेलं असतं. बऱ्याच कुकरांच्या झाकणातला सेफ्टी प्लग हा ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा असतो. पाणी संपलं तर तो वितळून दाब सुटावा यासाठीच तो बसवलेला आहे. तुम्ही त्याच झाकणाखाली ४५ मिनिटं कोरडी आच देताय. प्लग गेला तर तो बदलेपर्यंत कुकर वरण-भातालाही वापरता येत नाही. सारखा कोरडा तापवलेला तळ वाकतो ते वेगळंच.

त्यापेक्षा जाड बुडाची कढई किंवा पातेलं घ्या. सगळ्यात उत्तम बिडाची कढई. उशिरा तापते पण एकदा तापली की आच हलत नाही. तिच्यावर घट्ट बसणारं जड झाकण. नॉनस्टिक मुळीच नको. रिकामं नॉनस्टिक भांडं २६० अंशांच्या वर गेलं की त्याचा थर खराब व्हायला लागतो आणि धूर घातक असतो. मधली हवा १८० असताना तळ त्याहून पुष्कळ तापलेला असतो, हे लक्षात घ्या.

दक्षिणवारा:
कुकर सरसकट बाद नको करायला. घराघरांत एखादा जुना कुकर असतो, प्रेशरसाठी निवृत्त झालेला. त्याला कढईवरचं साधं झाकण लावा, प्लगचा प्रश्नच मिटतो. कुकरच्या उभ्या जाड भिंतींमुळे डब्याला बाजूने चांगली आच मिळते. पसरट कढईत ती मिळत नाही.

जुनीभांडी:
हे मान्य. झाकण साधं असेल तर माझा आक्षेप नाही.

सायंकाळ:
मीठ खरंच लागतं का? मिठाशिवायही लोक करतात ना?

दक्षिणवारा:
जाड बुडाच्या भांड्यात नाही लागत. पातळ स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात लागतं. मीठ स्वतः काही शिजवत नाही. ज्योत जिथे लागते तिथे तळ जास्त तापतो, तो फरक मीठ बुजवतं, आणि धरलेली उष्णता हळूहळू सोडतं. आच थोडी वरखाली झाली तरी आतली हवा एकदम वरखाली होत नाही. फुटाण्यांच्या भट्टीतली वाळू काय करते, तेच. मीठ ८०१ अंशांना वितळतं, त्यामुळे घरच्या गॅसवर त्याला काही होत नाही. सेंटिमीटरभर थर पुरतो, किलोभर ओतायची गरज नाही. जितका थर जाड तितका तापायला वेळ.

जुनीभांडी:
ॲल्युमिनियमच्या भांड्यात मीठ ठेवून विसरू नका. हवेतली ओल धरून ते धातूला खड्डे पाडतं. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात तर एका रात्रीत पाणी सुटतं. गार झाल्यावर काढून बरणीत भरा, वर 'केकचं मीठ' अशी चिठ्ठी लावा. दहा-बारा वेळा वापरता येतं. करडं होतं, पण या कामाला बिघडत नाही. स्वयंपाकात मात्र घालू नका. वाळू घ्यायची तर धुऊन कडक उन्हात वाळवलेली. ओल्या वाळूची वाफ होते.

शेगडीवाली:
आचेचा अंदाज कसा घ्यायचा? 'मंद' म्हणजे प्रत्येक शेगडीवर वेगळं.

निखारा:
सगळ्यात चांगलं म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तबकडीचा थर्मामीटर. तिवईवर ठेवा, झाकण लावा, १६५ ते १८० च्या मधे काटा हवा.

तो नसेल तर साखरेची परीक्षा. साखर १८६ अंशांच्या सुमाराला वितळते. ॲल्युमिनियम फॉइलची लहान वाटी करा, तिच्यात चमचाभर कोरडी साखर, वाटी तिवईवर, झाकण बंद. भांडं आधी मध्यम आचेवर १० मिनिटं तापवून घेतलेलं असू दे, मग मंद आचेवर १५ मिनिटं. साखरेचं पाणी झालं तर तुमची 'मंद' आच या कामाला जास्त आहे. जिथे साखर जेमतेम कडेने ओलसर दिसते, त्याच्या एक खूण खाली ज्योत ठेवायची. बटणाजवळ ती जागा मार्करने खुणावून टाका. नेहमी तेच भांडं, तोच बर्नर आणि तीच तिवई वापरलीत तर ही परीक्षा एकदाच करावी लागते.

सगळ्यात लहान बर्नरची सगळ्यात बारीक ज्योतही जास्त होत असेल तर भांड्याखाली लोखंडी तवा सरकवा.

कोकमसार:
तव्याची युक्ती पुरणपोळीवाल्यांना सांगायला नको :) वाखूसा (वाचनखूण साठवली).

उंबरठा:
वरून ओलं राहण्याबद्दल कुणी बोललं नाही. झाकणाला पाणी सुटतं आणि थेंब केकवर पडतात. वर चिकट साल येते, खळगे पडतात.

रवाळ:
पाणी कुठून येतं ते आधी बघू. भाजताना मिश्रणाचं वजन साधारण दहाव्या हिश्शाने घटतं. म्हणजे ५४० ग्रॅममधून ५० ग्रॅमच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर येतं. तीन-चार टेबलस्पून पाणी झालं हे. त्याला वाट दिली नाही तर ते झाकणाला लागून परत खालीच येणार. तर एक, झाकणाला वाट हवी. कुकरच्या झाकणाला शिट्टीचं भोक असतं, कढईच्या झाकणाखाली एका बाजूला काडेपेटीची काडी अडकवा. दोन, झाकणाला आतून सुती पंचा बांधा, गाठ वर. पंच्याचं एकही टोक खाली लोंबता कामा नये. ४५ मिनिटं ज्योत चालू आहे, कापड पेटायला वेळ लागत नाही. तीन, डब्यावर फॉइल घालू नका. फॉइल वाफवलेल्या केकला. कोरड्या आचेत त्याने वरचा भाग अजून ओला राहतो.

निखारा:
पंच्यापेक्षा चांगला उपाय सांगतो. झाकणच तापवा. आपल्याकडे हे ज्ञान जुनं आहे. कोकणात काकडीचं धोंडस कसं करतात? पातेल्यात मिश्रण, खाली मंद विस्तव, वर ताट आणि ताटात निखारे. गोव्यातल्या बेबिंकाचे थर वरच्या निखाऱ्यांवर एकेक करून भाजले जातात. ओव्हन म्हणजे तरी दुसरं काय, खालून आणि वरून मिळणारी कोरडी आच. कढईत वरची आच नसते, म्हणून वरचा भाग फिका आणि ओला.

जड लोखंडी तवा दुसऱ्या शेगडीवर चांगला तापवा आणि शेवटची १० मिनिटं झाकण काढून तोच कढईवर पालथा घाला. तापलेल्या लोखंडाला पाणी धरत नाही, त्यामुळे थेंबही नाहीत. अट एवढीच की तवा कढईच्या तोंडाहून मोठा हवा आणि केकचा माथा त्याच्यापासून निदान ३-४ सेंटिमीटर खाली. पहिल्या ३५ मिनिटांत मात्र हे करू नका. वरची साल लवकर धरली तर परत तडा.

सायंकाळ:
धोंडसाची आठवण छान काढलीत. त्यात रवा, गूळ, काकडीचा कीस, आणि फुगवायला काही नाही, तरी हलकं होतं. चॉकलेट केकमध्येही निम्मा मैदा काढून बारीक रवा घातला तर चालेल?

रवाळ:
चालेल, पण तो वेगळा पदार्थ. बारीक रवा पाणी हळूहळू पितो. पाणी ३० मिलिलिटर वाढवा आणि सोडा-बेकिंग पावडर न घालता २० मिनिटं भिजू द्या, मग ती घाला. पोत दाणेदार येतो, गोव्याच्या बाथ केकसारखा. कणीक घ्यायची तर पाणी २० ते ३० मिलिलिटर जास्त आणि १० मिनिटं विश्रांती. कोंडा टोचत असेल तर चाळून घ्या. कणकेचा केक थोडा बसकट होतो, चवीला मात्र कोकोशी तिचं छान जमतं.

मोजमाप:
आता कृती क्रमाने लिहितो, कारण अर्ध्या चुका क्रमाच्या असतात.

आधी भांडं तापत ठेवा, मीठ-तिवईसकट, झाकण लावून, मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं. डब्याला तेलाचा हात, तळाला बटर पेपर, बाजूंना मैद्याऐवजी कोको भुरभुरवा. पांढरे डाग पडत नाहीत. वर्तमानपत्र तळाला नको, शाई लागते.

कोको आणि कॉफी कडकडीत पाण्यात फेटून घ्या, गुठळी राहू देऊ नका. कोको गरम पाण्यात भिजला की त्याचा वास आणि रंग दोन्ही खुलतात. हे पाणी कोमट होऊ द्या. त्यात साखर, तेल, व्हॅनिला. मैदा, सोडा, बेकिंग पावडर, मीठ दोनदा एकत्र चाळा. सोड्याची गुठळी राहिली तर केकमध्ये पिवळट डाग आणि कडवट घास. कोरडं ओल्यात घाला, व्हिस्कने मिसळा. मैद्याचे कोरडे पट्टे दिसेनासे झाले की थांबा. चाळीस-पन्नास फेरे पुष्कळ झाले. जास्त घोटलंत तर मैद्याला चिवटपणा येतो आणि आत उभे बोगदे पडतात.

व्हिनेगर सगळ्यात शेवटी. लगेच बुडबुडे दिसतील. दहा फेरे, डब्यात ओता, ओट्यावर दोनदा आपटा, आत ठेवा. या क्षणापासून ज्योत मंद. व्हिनेगर ते झाकण, दोन मिनिटांपेक्षा जास्त नको.

३५ मिनिटं झाकण उघडायचं नाही. मग मधोमध काडी घालून बघा. ६ इंचीला ४० ते ५० मिनिटं लागतात, ७ इंचीला ५० ते ६०. काडीला ओलसर कण चिकटले तर चालतं, ओलं पीठ नाही. केकची कड डब्यापासून सुटू लागते ही दुसरी खूण. आतलं तापमान मोजता येत असेल तर ९६ ते ९८ अंश.

गॅस बंद केल्यावर डबा आत ठेवू नका. मीठ आणि तळ तापलेलेच असतात, पाच मिनिटांत तळ कोरडा पडतो. बाहेर काढून १० मिनिटं डब्यात, मग जाळीवर उलटा. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी नको, दीड-दोन तास धरा.

गूळपोळी:
व्हिनेगर शेवटी का? सगळं एकत्र घातलं तर काय बिघडतं?

मोजमाप:
सोडा आणि आम्ल पाण्यात भेटले की वायू तिथल्या तिथे सुटायला लागतो. तुम्ही फेटत बसलात तर तो वायू बाहेर जाणार. बेकिंग पावडर मागाहून, गरम झाल्यावरही थोडं काम करते, म्हणून अर्धा टीस्पून तीही ठेवली आहे. इनो वापरणाऱ्यांनी तर अजून घाई करावी. त्यात सोडा आणि सायट्रिक आम्ल एकत्रच असतं, पाणी लागलं की क्षणात उसळतं. ५ ग्रॅमची एक पुडी, साधी, लिंबाच्या वासाची नव्हे.

जुनं सामान तपासायचं तर सोड्यावर लिंबू पिळा, बेकिंग पावडरवर गरम पाणी घाला. जोरात फसफसलं नाही तर फेकून द्या.

दक्षिणवारा:
कोकोबद्दल एक सांगायचं राहिलं. दोन प्रकार मिळतात. नैसर्गिक कोको आंबट असतो, तांबूस-फिका. अल्कली देऊन गडद केलेला तो डच कोको. डच म्हणायचं कारण, ही प्रक्रिया नेदरलँड्समधल्या व्हान हौटेनची. कोको बियांतलं लोणी दाबून काढण्याच्या यंत्राचं १८२८ चं पेटंटही त्याच घराण्याचं. डच कोकोत आम्ल जवळजवळ राहत नाही, त्यामुळे त्याच्यासोबत नुसत्या सोड्यावर विसंबलात तर सोडा शिल्लक राहतो. तो असेल तर सोडा पाव टीस्पून करा आणि बेकिंग पावडर १ टीस्पून. पाकिटावर घटकांमध्ये आम्लता नियंत्रक लिहिलं असेल तर बहुधा डच प्रकार समजा.

ड्रिंकिंग चॉकलेट म्हणजे कोको नव्हे. त्यात साखरच जास्त. ते घालून केक फिका, गोड आणि चिकट होतो.

अंगतपंगत:
बिस्किटांचा केक कुणी काढला नाही अजून! २०२० च्या टाळेबंदीत तोच घरोघर होता. क्रीमची चॉकलेट बिस्किटं कुटा, दूध, इनो, संपलं.

निखारा:
होतो खरा, पण बिस्किटं एकदा भाजून झालेली. त्यातल्या मैद्याची धरून ठेवायची ताकद बरीच गेलेली असते. त्यामुळे तो केक गरम असताना छान, गार झाल्यावर दाट आणि भुसभुशीत. ३०० ग्रॅम बिस्किटांना दूध साधारण २५० ते ३०० मिलिलिटर, पीठ ओघळतं हवं. दोन टेबलस्पून मैदा घातलात तर काप नीट पडतात. साखर घालू नका, क्रीममध्ये पुरेशी असते.

तोक्योची_सावली:
इथे जपानमध्ये बऱ्याच घरांत मोठा ओव्हन नसतो. केक राइस कुकरमध्ये करतात. साधा, एका बटणाचा राइस कुकर असेल तर एक अडचण येते. आतलं पाणी संपून तळ १०० च्या वर गेला की तो स्वतःच 'वॉर्म'वर येतो, आणि केकच्या पिठात तर मोकळं पाणी नाही, म्हणून लवकरच येतो. घाबरायचं नाही. १० मिनिटं तसंच ठेवा, परत बटण दाबा. असं दोन-तीनदा. पीठ थेट भांड्यातच ओतायचं, तेल लावून. खालची बाजू खरपूस, वरची फिकी. उलटा वाढला की झालं.

उंबरठा:
इंडक्शनवर?

तोक्योची_सावली:
बिडाची कढई असेल तर जमतो. पण बऱ्याच इंडक्शन शेगड्या सगळ्यात कमी आचेला सलग तापत नाहीत, चालू-बंद होतात. पातळ भांड्यात तो झटका तळाला बसतो. इथे मीठ घालाच, जाड थर. शिवाय कोरडं भांडं जास्त तापलं असं वाटलं की शेगडी आपणहून बंद पडते, तेव्हा मधेमधे दिव्याकडे लक्ष असू दे.

पाटावरवंटा:
पाणी घालून, ढोकळ्यासारखा वाफवला तर? करपायची भीतीच नको.

रवाळ:
वाफवलेला केकही चांगला लागतो, पण तो भाजलेला नव्हे. १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे खरपूसपणा येत नाही, पोत पुडिंगच्या जवळ जातो. चॉकलेटमध्ये रंगाचा फरक लपतो हा फायदा. त्यासाठी पाणी १८० ऐवजी १६० मिलिलिटर घ्या, डब्यावर फॉइल घट्ट बांधा, पाणी आधीच उकळतं असू दे, मध्यम आच, ६ इंचीला ४० ते ४५ मिनिटं. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

सायंकाळ:
दही आणि अंडं घालून प्रमाण कुणी देईल का?

मोजमाप:
दही: वरच्या प्रमाणातून व्हिनेगर आणि बेकिंग पावडर काढा. घट्ट ताजं दही १२० ग्रॅम, पाणी ८०-९० मिलिलिटर, सोडा अर्धा टीस्पूनच. कोको त्याच पाण्यात भिजवा. फार आंबट दही नको, कोकोच्या कडवटपणाशी भांडतं.

अंडी: मैदा १००, कोको २५, साखर १४०, अंडी २, तेल ६० मिलिलिटर, दूध ८०, बेकिंग पावडर १ टीस्पून, सोडा पाव टीस्पून. अंडी-साखर फिकट आणि दाट होईपर्यंत फेटा. हा केक जास्त फुगतो आणि पाचेक मिनिटं लवकर होतो. अंड्यामुळे मध्य खचण्याची भीती बरीच कमी.

आणि साखर कमी करायची असेल तर ११० ग्रॅमच्या खाली जाऊ नका. साखर पाणी धरून ठेवते, ती कमी झाली की केक त्याच दिवशी कोरडा.

कोकमसार:
वरून लावायला काय? क्रीम आणायला कुठे जाणार.

अंगतपंगत:
कोको २ टेबलस्पून, साखर ४ टेबलस्पून, दूध ६ टेबलस्पून, लोणी ३० ग्रॅम. मंद आचेवर ढवळत चमच्याला धरेपर्यंत, तीन-चार मिनिटं. कोमट झालं की गार केकवर ओता. गरम केकवर ओतलंत तर सगळं आत मुरून जाईल.

शेगडीवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे माझ्या बाबतीत: तिवई नव्हती, आच जास्त, चमचा मोठा, आणि ७ इंचीला ३० मिनिटं फारच कमी. पण मधला खड्डा नेमका कशाने? जास्त सोड्याने, कमी वेळाने की झाकण उघडल्याने?

निखारा:
कुठे खचला ते बघून ओळखता येतं. मधोमध खचला आणि आत ओलं आहे: वेळ कमी. मधोमध खचला पण आत शिजलेलं, पोत जाळीदार आणि चव खारट-साबणी: सोडा जास्त. वायूचे बुडबुडे इतके मोठे झाले की भिंती धरण्याआधीच फुटले. सगळा माथा सपाट बसला आणि कडेला सुरकुती: झाकण लवकर उघडलं किंवा डबा हलवला. तुमच्यात पहिली दोन कारणं एकत्र आहेत. वरचं प्रमाण, तिवई आणि साखरेची परीक्षा या तीनही गोष्टी केल्यात तर खड्डा पडू नये.

गूळपोळी:
शेगडीताई, तुमचा ७ इंची डबा ५ लिटरच्या कुकरमध्ये भिंतीला टेकत नाही ना, तेही बघा.

शेगडीवाली:
आत्ता पट्टीने मोजलं. दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक सेंटिमीटर उरतं.

निखारा:
मग ६ इंचीच घ्या. चहूबाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोकळं हवं, नाहीतर गरम हवा वर जातच नाही, तळाशीच कोंडते. ६ इंची ठेवलात की सव्वादोन सेंटिमीटर मिळेल. आणि डबा बरोबर मधोमध. एका बाजूला सरकला तर तीच बाजू आधी करपेल.